समजा, मोहिनी आलीच नाही तर?

विज्ञानपट कशाला म्हणावं, हा विषय चारचौघांत काढू नये, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. क्रिकेट, राजकारण, पोह्यांत बटाटा घालावा की नाही, हे वाद निदान चहा आला की थांबतात. हा वाद चहानंतर दुप्पट जोमानं सुरू होतो. शिवाय इतर वादांत आपल्याला काय म्हणायचंय हे भांडणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. इथे ते शोधून काढण्यासाठीच भांडावं लागतं.

आमच्या घरापुरतं बोलायचं तर ह्या विषयावर तीन पक्ष आहेत. पहिला माझ्या भाच्याचा. तो पुण्याला एका संगणकाच्या कंपनीत असतो आणि महिन्यातून एकदा मामीच्या हातची आमटी खायला आमच्याकडे येतो. त्याच्या मते ज्यात अंतराळयान आहे तो विज्ञानपट. नसलं तर तो साधा सिनेमा. दुसरा पक्ष शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांचा. त्यांनी हयातभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे पडद्यावरच्या माणसांचेही ते गुण कापतात. त्यांच्या मते ज्यातलं शास्त्र बिनचूक तोच विज्ञानपट. तिसरा पक्ष सौभाग्यवतींचा. "ज्यात सगळ्यांनी एकाच ताग्यातले कपडे शिवलेले असतात आणि कोणी धड जेवत नाही, तो तुमचा विज्ञानपट," असं ती म्हणते. तिन्ही व्याख्यांमध्ये निरीक्षण म्हणून हीच सर्वांत अचूक आहे, हे मी खाजगीत मान्य करतो.

पण व्याख्या म्हणून तिन्ही टिकत नाहीत. भाच्याचं अंतराळयान घ्या. यान असलं की विज्ञानपट, हे धरलं तर 'स्टार वॉर्स' (१९७७) पहिल्या नंबरात पास होतो. पण त्यात असतं काय? संकटात सापडलेली राजकन्या, आपला बाप कोण हे ठाऊक नसलेला तरुण, अरण्यात नव्हे तर वाळवंटात राहणारा वृद्ध गुरू, आणि तलवारीचं युद्ध. तलवार विजेवर चालते, एवढाच फरक. शिवाय सिनेमा सुरू होतानाच ते आपल्याला बजावतात की ही फार फार पूर्वीची गोष्ट आहे. 'आटपाट नगर होतं' ह्याचाच तो अमेरिकन अवतार. मला तो आवडतो, कोणत्याही वारी कोणत्याही वेळी पाहायला मी तयार असतो. पण ते पुराण आहे. उलट, 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये यान सोडा, साधी मोटारही लागत नाही.

हेडमास्तरांचं बिनचूक शास्त्र घ्या. जॉर्ज मेलिएसनं १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा मूकपट काढला. त्यात सहा पंडित तोफेच्या गोळ्यात बसून चंद्रावर जातात, तो गोळा चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो, आणि चंद्रावरचे रहिवासी छत्रीचा तडाखा बसला की धूर होऊन नाहीसे होतात. हेडमास्तरांनी शंभरपैकी चारही मार्क दिले नसते. तरी ह्या जातीच्या सिनेमांचा मूळपुरुष म्हणून मान त्यालाच. ह्याच्या उलट 'अपोलो १३' (१९९५). त्यात शास्त्र जवळजवळ चोख आहे, पण ती १९७० साली खरीच घडलेली हकीकत आहे. शास्त्र बरोबर आलं म्हणून विज्ञानपट होत असता, तर प्रेशर कुकर कसा वापरावा ह्याची फिल्मही विज्ञानपटच.

भविष्यकाळ दाखवतो तो विज्ञानपट, असंही एक मत असतं. पण भविष्यकाळाची खोड अशी, की तो येतो. 'ब्लेड रनर' हा सिनेमा १९८२ सालचा. त्यातली गोष्ट घडते २०१९च्या नोव्हेंबरात, उडत्या मोटारींच्या लॉस एंजेलिसमध्ये. २०१९चा नोव्हेंबर आला आणि गेला. उडत्या मोटारी दिसल्या नाहीत. (त्या महिन्यात महाराष्ट्रात जे घडत होतं, त्याची कल्पना मात्र कुठल्याच विज्ञानपटवाल्याला आली नव्हती.) तारीख उलटली म्हणून 'ब्लेड रनर' काही ऐतिहासिक चित्रपट झाला नाही. म्हणजे त्याचा जीव तारखेत नव्हता.

मग जीव असतो कशात? माझ्या मते तो एका शब्दात असतो, आणि तो शब्द आपण सगळे शाळेत गणिताच्या तासाला शिकलो आहोत. 'समजा'.

'समजा, एका हौदाला दोन नळ आहेत.' आता हौद कुणाचा, नळाला पाणी किती वाजता येतं, हे विचारायचं नाही. विचारलं तर अंगठे धरून उभं राहावं लागे. एवढी एक गोष्ट मुकाट्यानं कबूल करायची. पण पुढे मात्र गुरुजींनाही सूट नाही. एकदा दोन नळ म्हटलं की तिसरा नळ सोयीनुसार काढता येत नाही. चांगला विज्ञानपट हेच करतो. समजा, मेलेल्या देहांच्या तुकड्यांतून जिवंत माणूस करता आला. समजा, यंत्र विचार करू लागलं. एवढं एक खोटं पदरात घ्या, म्हणतो. आणि पुढे दोन तास हिशेब चोख मांडतो.

हेडमास्तरांना हे पटलं, पण लगेच त्यांनी एक खोच काढली. "मग आपला भस्मासुरही विज्ञानपटच की हो!"

खोच बिनतोड आहे. समजा, एकाला असा वर मिळाला की तो ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल. पुढचं सगळं तर्कशुद्ध. वर खरा की खोटा हे तपासायचं तर कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवून पाहायला हवा. आणि सर्वांत जवळ डोकं कोणाचं, तर वर देणाऱ्याचं. शंकर पुढे आणि भस्मासुर मागे, ही धावाधाव म्हणजे एका 'समजा'चा बिनचूक निष्कर्ष आहे. इथपर्यंत पुराण आणि विज्ञानपट हातात हात घालून येतात.

फरक पडतो तो ह्यापुढे. पुराणात मोहिनी येते. विष्णू सुंदर स्त्रीचं रूप घेतो, नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतो, आणि प्रकरण निकालात निघतं. वर देणारे भोळे असले तरी चूक निस्तरणारं खातं वेगळं आहे आणि ते चोवीस तास उघडं आहे. विज्ञानपटात वर देणारे आपणच, घेणारेही आपणच, आणि मोहिनीची वाट पाहत बसावं तर ती येत नाही. माझी व्याख्या विचाराल तर ती एवढीच आहे: ज्यात एक 'समजा' असतं आणि शेवटी निस्तरायला वरून कोणी येत नाही, तो विज्ञानपट.

म्हणून ह्या जातीच्या चांगल्या सिनेमांतला प्रश्न यंत्राचा नसतोच. तो जबाबदारीचा असतो. केलं कोणी, आणि निस्तरायचं कोणी?

'फ्रँकेन्स्टाइन'च पाहा. मेरी शेलीची कादंबरी १८१८ सालची, जेम्स व्हेलचा बोलपट १९३१ सालचा. बोरिस कार्लोफनं उभा केलेला तो दांडगा, शिवलेल्या कपाळाचा जीव एका तळ्याकाठी एका लहान मुलीजवळ येतो. साऱ्या सिनेमात त्याला न घाबरणारं तेवढं एकच माणूस. ती त्याला फुलं देते. दोघं फुलं पाण्यात टाकतात आणि ती तरंगताना पाहून तो हरखून जातो. फुलं संपतात. मग तो त्या मुलीला उचलून पाण्यात टाकतो. तीही तरंगेल, असं त्याला वाटतं. हा प्रसंग इतका जिव्हारी लागणारा होता, की कित्येक वर्षं त्यातला शेवटचा भाग कापून सिनेमा दाखवत. कापल्यामुळे झालं असं, की राक्षसानं मुलीचं काहीतरी भयंकर केलं असणार, अशी प्रेक्षकांची समजूत व्हायची. आपण राक्षस तयार करतो ते असे.

आता गुन्हा कोणाचा? सिनेमात एक पळवाट ठेवली आहे. शास्त्रज्ञाचा नोकर चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे पार्ट खराब निघाला, मिस्त्री काय करणार! मूळ कादंबरीत अशी बरणी नाही. तिथे निर्माता आपल्या निर्मितीचं रूप पाहतो आणि खोलीतून पळून जातो. बस, एवढंच. बाळंतपण केलं आणि बाळाला टाकून बाप पळाला. मेरी शेलीनं हे लिहायला घेतलं तेव्हा तिला वीससुद्धा पुरी झाली नव्हती. पण सगळा दोष बरणीवर ढकलण्याची सोय तिनं ठेवली नाही.

तमिळमधल्या 'एंदिरन'मध्ये (२०१०, हिंदीत 'रोबोट') रजनीकांत बनवतो रजनीकांतच, त्यामुळे जबाबदारी टाळायला तशी जागा नाही. पण तिथेही तेच. चिट्टी नावाचा तो यंत्रमानव जळत्या इमारतीतून माणसं वाचवतो. एक मुलगी न्हाणीघरात अडकलेली असते. तिलाही तो वाचवतो आणि आहे तशी, विवस्त्र, कॅमेऱ्यांसमोर आणून उभी करतो. ती शरमेनं धावत सुटते आणि गाडीखाली जाते. जीव वाचवायला शिकवलं होतं, लाज राखायला नव्हतं. फुलं तरंगतात तशी मुलगी तरंगणार, ह्याच जातीचा हा हिशेब.

पण मला विचाराल तर ह्या सर्वांचा मुकुटमणी '२००१ : ए स्पेस ओडिसी' (१९६८). स्टॅनली कुब्रिकचं दिग्दर्शन, पटकथेत आर्थर क्लार्कचा वाटा. सौभाग्यवतीनं हा सिनेमा माझ्याबरोबर एकदाच पाहिला. त्यात अंतराळवीर ताटलीतले निरनिराळ्या रंगांचे लगदे खातात, ते पाहून ती म्हणाली, "ह्या जेवणापेक्षा तो कॉम्प्युटर मारतोय ते बरं."

तो कॉम्प्युटर म्हणजे हॅल. गुरूच्या दिशेनं निघालेल्या यानाचा सगळा कारभार त्याच्याकडे. आवाज मृदू, वागणं अदबशीर, आपल्याकडून चूक होत नाही ह्याचा सार्थ अभिमान. आणि हाच हॅल एकदा चुकीचा निदान-अहवाल देतो, चूक कबूल करत नाही आणि आपल्याला बंद करणार असा सुगावा लागताच पाचांपैकी चार माणसं मारून टाकतो. उरलेला एक त्याच्या मेंदूतले भाग एकेक करून काढतो, तेव्हा हॅल लहान मुलासारखा शिकवलेलं गाणं म्हणत म्हणत विझतो.

यंत्र उलटलं, असं म्हणून लोक घरी जातात. पण हॅल विझल्याबरोबर पडद्यावर एक निरोप उमटतो, तो नीट ऐकायला हवा. मोहिमेचा खरा हेतू यानावर एकट्या हॅललाच सांगितला होता. बरोबरच्या दोन जागत्या माणसांपासून तो लपवून ठेवला होता. पुढच्या भागात (१९८४) तर स्पष्टच सांगून टाकलं, की माहिती जशीच्या तशी, बिनचूक द्यायची असा ज्याचा पिंड घडवला, त्यालाच वरून हुकूम आला की इथे लपव. त्यात त्याचं डोकं फिरलं.

हे ऐकलं आणि मला वाटलं, अरे, हा तर आमच्याच चाळीतला मुलगा! महिनाअखेर, दारात उधारी मागायला वाणी, आणि बाप आतून पोराला सांगतोय, "बाबा घरी नाहीत म्हणून सांग." पोरानं सकाळीच पाटीवर दहा वेळा गिरवलेलं असतं, 'नेहमी खरे बोलावे.' मग ते बिचारं दारात जाऊन सांगतं, "बाबा म्हणताहेत, बाबा घरी नाहीत." ह्यावर आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो आहोत. हॅलची गोष्ट हीच आहे. फरक एवढाच की पोराला दोन्ही आज्ञा पाळायची ही भाबडी वाट सापडली. हॅलला दुसरी सापडली. ज्यांच्याशी खोटं बोलायचं ती माणसंच उरली नाहीत, तर खोटं बोलावंच लागणार नाही. हिशेब बिनचूक. आज्ञा देणारे मात्र पृथ्वीवर सुखरूप होते.

ह्यावर भाचा म्हणतो, "मामा, सिनेमा आहे तो. खरी यंत्रं कुणाला मारत नाहीत." मारत नाहीत, खरं आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना गेल्या वर्षी एका कचेरीतून हक्काचे थोडे पैसे घ्यायचे होते, आणि मी रिकामटेकडा म्हणून बरोबर गेलो. काचेवर अंगठा ठेवायचा, यंत्रानं ओळख पटवायची, की झालं. यंत्रानं ओळखलं नाही. अंगठा पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. चाळीस वर्षं राख, साबण आणि तारेची घासणी ह्यांनी अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या. खिडकीतला माणूस उर्मट नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "मी काय करणार? मशीन घेत नाही." दुसऱ्या खेपेलाही तेच. तोच मृदू, अदबशीर स्वर. हॅल असाच बोलतो.

घरी येताना मावशी म्हणाल्या, "साहेब, मशीन म्हणतंय मी मी नाही."

'ब्लेड रनर'मध्ये माणूस कोण आणि बनावट कोण हे ओळखायला एक यंत्र आहे. प्रश्न विचारायचे आणि डोळ्याच्या बाहुलीत काही हलतं का ते पाहायचं. दुसऱ्याच्या वेदनेनं जो हलतो तो माणूस, हे त्यातलं सूत्र. मला ते मान्य आहे, पण तपासणी अशी नेहमी एकाच बाजूची का व्हावी? सकाळच्या लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्याकडे पाहताना बसलेल्या तिघांच्या बाहुल्या तपासल्या, तर किती पास होतील ह्याची मला शंका आहे. आणि त्या सिनेमात शेवटी होतं काय? चार वर्षांचंच आयुष्य देऊन बनवलेला तो बनावट माणूस, आपल्याला मारायला आलेल्या शिकाऱ्याचा हात गच्चीवरून सुटत असताना तो पकडतो आणि त्याला वर ओढून घेतो. स्वतःची अखेरची मिनिटं चाललेली असताना. परीक्षा कोण पास झालं हे सांगायला यंत्र लागत नाही.

मावशींचं काम तिसऱ्या खेपेला झालं. अंगठा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गानं ओळख पटवायची सोय नियमांत होतीच. ती वापरायची तर खुर्चीतून उठून आतल्या टेबलापर्यंत जावं लागत होतं. त्या दिवशी खिडकीत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी काचेकडे न पाहता मावशींचा हात हातात घेऊन पाहिला आणि त्या उठल्या.

विज्ञानपटांतला माझा सर्वांत आवडता माणूस असाच उठणारा आहे. तो जपानी आहे. इशिरो होंडाचा 'गोजिरा' आला १९५४ साली, हिरोशिमाला नऊ वर्षं झाली असताना. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. बाँबच्या चाचण्यांनी जागा झालेला प्रचंड प्राणी टोकियो तुडवतो, एवढीच गोष्ट आपल्याकडे पोचली, आणि रबरी पोशाखातला राक्षस म्हणून आपण हसलो. पण त्यात डॉक्टर सेरिझावा आहे. पाण्यातला प्राणवायूच नष्ट करून सगळं जिवंत विरघळवून टाकणारं अस्त्र त्याच्या हाती लागलं आहे. ते वापरलं तर गोजिरा मरेल, आणि उद्या प्रत्येक सरकार तेच मागेल. एकदाच वापरायचं, असं तो ठरवतो. सगळे कागद जाळतो, अस्त्र घेऊन समुद्रात उतरतो, आणि काम झाल्यावर वर यायची आपली दोरी स्वतःच कापतो. कारण कागद जळले तरी डोकं शिल्लक होतं. मोहिनी येत नाही हे ह्या माणसाला कळलं होतं.

हे सगळं तुमच्याआमच्यापासून दूरचं, असं वाटायचं कारण नाही. जयंत नारळीकरांनी विचार करणाऱ्या यंत्रावर कादंबरी लिहिली, तेव्हा तिला नाव दिलं 'वामन परत न आला'. त्यांनी पुराणातून नेमका बटू उचलला. बळीच्या दारात तो आला तेव्हा त्यानं फक्त तीन पावलं जमीन मागितली होती. मोबाइलही आमच्या घरी असाच आला. पहिलं पाऊल खिशात, दुसरं जेवणाच्या टेबलावर. तिसरं कुठे ठेवू म्हणून विचारायलासुद्धा तो थांबला नाही, सरळ डोक्यावर ठेवलं.

परवा भाच्यानं तोच मोबाइल हातात घेतला आणि म्हणाला, "मामा, ह्यात आता एक सोय करून देतो. फोन आला की हाच तुमच्या आवाजात बोलेल. नको असलेल्या माणसाला तुम्ही घरी नाही म्हणून परस्पर सांगेल. ठेवू चालू?"

मी मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "नको. त्याला अजून खोटं बोलायला कोणी शिकवलेलं नाही. निदान सुरुवात आपल्या घरून नको."